सीमाभागातील मराठी प्राथमिक शाळांच्या शिक्षकांसाठी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कर्नाटकातील बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या तालुक्यांत, तसेच बिदर आणि कारवारकडच्या भागांत मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळांवर शिकवणारे शिक्षक एकत्र आले की काही प्रश्न हमखास निघतात. प्रशिक्षणाच्या जेवणाच्या सुटीत, केंद्रस्तरीय बैठक संपल्यावर, बसची वाट पाहताना ते पुन्हा पुन्हा विचारले जातात. त्यांतील नेहमीच्या प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत. उपाय वर्गात करून पाहिलेले आहेत आणि त्यांतील बहुतेकांना खडू, पाठकोरे कागद आणि थोडा धीर यांपलीकडे फारसे काही लागत नाही.

पहिलीत येणारे मूल गावची बोली बोलते. त्याला प्रमाण मराठी कधीपासून आणि कशी शिकवावी?

प्रमाण मराठी शिकवायचीच आहे, मात्र तिची सुरुवात मुलाचे बोलणे दुरुस्त करण्यापासून करू नये. आपल्या भागात मुलगीसुद्धा "मी आलो, बाई" असे म्हणते, "होय की", "चला की" असे सहज बोलते, कारण तिची आई आणि आजी तशाच बोलतात. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी अशाच एका मुलीला सगळ्या वर्गासमोर "आलो नव्हे, आले म्हण" असे तीनदा म्हणायला लावले होते. ती तिन्ही वेळा बरोबर म्हणाली आणि त्यानंतर दसऱ्याच्या सुटीपर्यंत तिने वर्गात आपणहून तोंड उघडले नाही. ती चूक माझी होती आणि ती मला आजही बोचते.

पहिलीचे पहिले तीन महिने मुलांना मोकळेपणाने बोलू द्यावे. रोज एका मुलाने घरची एखादी घटना सांगावी. म्हैस व्याली, विहिरीत बादली पडली, मामा पुण्याहून आला, असे काहीही चालेल. शिक्षकांनी त्यातील दोन-तीन वाक्ये मुलाच्या शब्दांत, जशीच्या तशी मोठ्या कागदावर लिहावीत आणि बोट ठेवून वाचून दाखवावीत. आपण बोललो तेच कागदावर उतरते, हे मुलाला एकदा दिसले की वाचण्याचे कारण त्याला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. दुसरीत गेल्यावर भिंतीवर दोन रकान्यांचा तक्ता लावावा. एका रकान्यात "आपण घरी असे म्हणतो" आणि दुसऱ्यात "पुस्तकात असे लिहितात" असे लिहून मुलांकडूनच शब्द भरून घ्यावेत. तिसरीपर्यंत मुले हा बदल स्वतः करू लागतात आणि बोलीविषयी लाजही उरत नाही. ज्या शिक्षकांना हा मार्ग लांबचा वाटतो, त्यांनी निदान एवढे तरी करावे, की मूल काय सांगते याकडे आधी लक्ष द्यावे आणि ते कसे सांगते याकडे नंतर पाहावे.

घरी कन्नड, उर्दू किंवा कोंकणी बोलणारी मुले मराठी शाळेत आहेत. ती "माझं पाटी हरवलं" असे म्हणतात. हे कसे सुधारावे?

या चुकीमागे कारण आहे आणि ते कळले तर शिक्षकांचा राग निम्मा कमी होतो. कन्नडमध्ये माणसे वगळता बहुतेक सर्व नामे नपुंसकलिंगी असतात. दगड, वाट आणि घर या तिघांनाही "अदु" असेच म्हणतात. मराठीत मात्र तो दगड, ती वाट आणि ते घर. हा भेद कन्नड बोलणाऱ्या मुलाच्या घरच्या भाषेत नाही, म्हणून तो नियम सांगून येणार नाही, कानावर पडूनच येईल. नाम कधीही एकटे शिकवू नये. वर्गातील वस्तूंना चिठ्ठ्या लावताना "पाटी" एवढेच न लिहिता "ती पाटी", "तो खडू", "ते दप्तर" असे लिहावे. बंद पिशवीत वस्तू ठेवून "माझा की माझी की माझं?" असे विचारत एकेक वस्तू बाहेर काढण्याचा खेळ पाच मिनिटांचा आहे आणि तो मुलांना अतिशय आवडतो. खानापूरच्या जंगलपट्टीत गवळी-धनगर वाड्यांतून आणि कोंकणी बोलणाऱ्या घरांतून येणाऱ्या मुलांचे शब्द पुन्हा वेगळे असतात. ते शब्दही तक्त्यावर यावेत.

अक्षरओळख अ, आ, इ, ई या क्रमानेच करावी काय?

त्या क्रमाने केली तर कित्येक आठवडे जातात आणि मुलाला एकही उपयोगी शब्द वाचता येत नाही. त्याऐवजी क, म, न, र, ल ही पाच अक्षरे आणि काना एवढेच आधी घ्यावे. त्यांतून मामा, काका, नाक, कान, मका, लाल, काम, कमल असे ओळखीचे शब्द लगेच तयार होतात. पुढच्या गटात त, प, व, स ही अक्षरे आणि वेलांट्या घ्याव्यात. वर्णमालेचा क्रम पाठ व्हायला हवाच, कारण पुढे शब्दकोश पाहताना तो लागतो; पण ते काम दुसरीत गाण्याच्या चालीवर सहज होते.

दोन गोष्टी जपाव्यात. भ आणि म, घ आणि ध, ब आणि व यांसारखी दिसायला जवळची अक्षरे एकाच आठवड्यात शिकवू नयेत. दुसरी गोष्ट आपल्या भागात अधिक महत्त्वाची आहे. मराठीत च आणि ज यांचे प्रत्येकी दोन उच्चार आहेत. चिमणीतला च वेगळा आणि चमच्यातला वेगळा, जिऱ्यातला ज वेगळा आणि जाळ्यातला वेगळा. अक्षर एकच असल्यामुळे घरी कन्नड बोलणारे मूल दोन्हीकडे चिमणीतलाच च वापरते. त्याला हसू न देता दोन्ही शब्द शेजारी ठेवून ऐकवावेत. आरशासमोर जीभ कुठे टेकते हे पाहायला सांगितले तर मुले स्वतःच फरक शोधतात.

जोडाक्षरे आणि रफार यांची घाई करू नये. मात्र मुलाच्या स्वतःच्या नावात जोडाक्षर असेल तर ते पहिल्याच महिन्यात शिकवावे, कारण स्वतःचे नाव अडले तर मूल लिहिण्याचाच कंटाळा करू लागते.

मूल तिसरीत किंवा चौथीत आले तरी वाचता येत नाही. पाठ्यक्रम पुढे न्यावा की मागे जावे?

दोन्ही करावे लागते, पण एकाच तासात नव्हे. रोजचा अर्धा तास इयत्ता बाजूला ठेवून वाचनासाठी राखावा. मुलाला अक्षरे ओळखता येतात का, शब्द वाचता येतो का, लहान परिच्छेद वाचता येतो का, गोष्ट वाचून सांगता येते का, एवढे एकेकाला जवळ बसवून पाहावे आणि त्यानुसार तिसरी ते पाचवीच्या मुलांचे गट करावेत. प्रथम या संस्थेने देशभर रुजवलेली ही पद्धत साधी आहे आणि तिचे मर्म गट बदलत राहण्यात आहे. दर तीन आठवड्यांनी पुन्हा पाहून मूल पुढच्या गटात गेले पाहिजे, नाहीतर "कच्च्यांचा गट" ही कायमची पाटी होऊन बसते.

याच्या जोडीला शिक्षकांनी रोज दहा मिनिटे मुलांना मोठ्याने गोष्ट वाचून दाखवावी, त्यावर एकही प्रश्न विचारू नये आणि काही लिहूनही घेऊ नये. या दहा मिनिटांना वेळ वाया घालवणे म्हणणारे पुष्कळ भेटतात. माझ्या अनुभवात मात्र वाचनाकडे पाठ फिरवलेली मुले पुस्तकाजवळ परतली ती याच दहा मिनिटांमुळे.

मुले सत्तेचाळीस ऐकून ७४ लिहितात. हा निष्काळजीपणा आहे काय?

नाही. मराठीत एकवीसपासून पुढे एकक आधी उच्चारला जातो आणि दशक नंतर. सत्तेचाळीस म्हणताना सात आधी ऐकू येतो आणि चाळीस नंतर, लिहिताना मात्र चार आधी लिहावा लागतो. त्यातच एकोणतीस, एकोणचाळीस या संख्या पुढच्या दशकातून एक वजा करून बोलल्या जातात. कन्नडमध्ये हा क्रम लिहिण्याप्रमाणेच आहे: इप्पत्तोंदु म्हणजे वीस आणि एक, नलवत्तेळु म्हणजे चाळीस आणि सात. महाराष्ट्रात २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात "वीस एक" अशी संख्यावाचनाची पद्धत आणली तेव्हा मोठा वाद झाला, पण अडचण खरी आहे हे त्या निमित्ताने सर्वांसमोर आले.

आपल्या मुलांकडे या अडचणीची किल्ली आधीपासून आहे. खानापूर तालुक्यातील एका शाळेत तिसरीतील एक मुलगी दर वेळी आकडे उलटे लिहीत असे. तिची आई आठवडी बाजारात भाजी विकायला बसे आणि ही मुलगी सुटीच्या दिवशी तिच्याशेजारी बसून गिऱ्हाइकांना सुटे पैसे देत असे. एकदा मी तिच्यापुढे चिंचोक्यांच्या दहा-दहाच्या चार पुड्या आणि सात सुटे चिंचोके ठेवले आणि किती झाले ते विचारले. तिने पुड्यांवर हात ठेवला, मग सुट्यांवर, आणि म्हणाली, "नलवत्तेळु." मग पाटीवर ४ लिहिला, त्यापुढे ७ लिहिला आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, "बाई, असं म्हटलं की सरळ लिहिता येतं की." त्या दिवसापासून आमच्या वर्गात संख्या तीन पायऱ्यांनी वाचली जाऊ लागली: आधी "चार दशक सात", मग ज्याला येते त्याने कन्नडमध्ये, आणि शेवटी "सत्तेचाळीस". सुमारे दोन महिन्यांत उलट लिहिणाऱ्यांची संख्या अगदी थोडी उरली.

अपूर्णांक मुलांना अवघड जातात. त्यासाठी काही घरगुती उपाय आहे काय?

घरातील मापे वर्गात आणावीत. भातशेती करणाऱ्या अनेक घरांत जुनी मापे अजून सापडतात. चिपटे म्हणजे पाव शेर आणि मापटे म्हणजे अर्धा शेर. दोन चिपटी वाळू मापट्यात ओतली की मापटे भरते, चार ओतली की शेर भरतो. एक मापटे आणि एक चिपटे मिळून पाऊण शेर होतो, हे मुलाने हाताने केले की पाव आणि अर्धा यांची बेरीज फळ्यावर वेगळी समजावावी लागत नाही. मापे नसतील तर एकाच आकाराचे पेले आणि खुणा केलेली बाटली चालते. पावकी, निमकी, पाऊणकी, सवाकी, दीडकी ही आजोबांच्या तोंडची अपूर्णांकांच्या पाढ्यांची उजळणी आहे. एखाद्या आजोबांना वर्गात बोलावून ती म्हणायला सांगावी आणि मुलांनी ती आकड्यांत लिहून पाहावी. पाठ करण्याची सक्ती मात्र नको.

दोन शिक्षक आणि पाच इयत्ता अशी आमची शाळा आहे. तास कसे लावावेत?

शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीत साठपर्यंत मुले असतील तर दोन शिक्षक मिळतात, म्हणून लहान गावांतील बहुतेक कनिष्ठ प्राथमिक शाळांची हीच स्थिती आहे. त्यातील एक शिक्षक बैठकीला किंवा अन्य शासकीय कामाला गेले की उरलेल्या एकावर पाचही इयत्ता येतात. अशा शाळेत प्रत्येक इयत्तेचे स्वतंत्र वेळापत्रक लावणे हा स्वतःला थकवण्याचा खात्रीचा मार्ग आहे.

पहिली ते तिसरी एका शिक्षकाकडे आणि चौथी-पाचवी दुसऱ्याकडे अशी विभागणी सोयीची पडते. पहिल्या तीन इयत्तांसाठी विषय एकच घ्यावा आणि काम वेगळे द्यावे. विषय "पाऊस" असेल तर पहिलीने पावसाचे चित्र काढून त्याखाली एक शब्द लिहावा, दुसरीने तीन वाक्ये लिहावीत आणि तिसरीने डब्यात साठलेले पाणी रोज मोजून तक्ता करावा. चाळीस मिनिटांच्या तासात एक गट शिक्षकांजवळ, एक गट जोड्यांमध्ये आणि एक गट स्वतः काम करणारा, असे तीन भाग करून ते फिरवत न्यावेत. यासाठी सर्वांत उपयोगी वस्तू म्हणजे भिंतीच्या खालच्या भागात मुलांच्या उंचीला रंगवलेला लांब काळा फळा. प्रत्येक मुलाला त्यावर हातभर जागा मिळाली की एका नजरेत कोण कुठे अडले आहे ते दिसते आणि वह्या तपासण्यात जाणारा वेळ वाचतो.

कर्नाटकात पहिली ते तिसरीसाठी वापरली जाणारी नली-कली पद्धत याच गरजेतून उभी राहिली. १९९५ मध्ये म्हैसूर जिल्ह्यातील हेग्गडदेवनकोटे तालुक्यातील शिक्षकांनी आंध्र प्रदेशातील ऋषी व्हॅलीचे काम पाहून ती सुरू केली. "नली" म्हणजे आनंदाने रमणे आणि "कली" म्हणजे शिकणे. शिडीच्या पायऱ्यांप्रमाणे लावलेली कृतिपत्रके आणि मूल आपल्या वेगाने पुढे जाणे, हा तिचा गाभा आहे. जवळच्या कन्नड शाळेतील नली-कलीचा वर्ग एक दिवस बसून पाहावा आणि स्वतःच्या वर्गासाठी मराठी पत्रके करावीत.

एक सावधगिरी सांगितली पाहिजे. मोठ्या वर्गातील हुशार मुलीला रोज लहानांना शिकवायला बसवण्याचा मोह होतो. आठवड्यातून एकदा ठीक आहे, पण रोज केले तर तिचे स्वतःचे शिकणे थांबते.

मला कन्नड विषय शिकवावा लागतो आणि माझीच कन्नड कच्ची आहे. काय करावे?

ही अडचण अनेकांची आहे आणि ती मनमोकळेपणाने सांगायला हवी. २०१५ च्या कन्नड भाषा अध्ययन कायद्यानंतर सर्व शाळांत कन्नड टप्प्याटप्प्याने सक्तीचे झाले आहे. आपल्या मुलांचे पुढचे शिक्षण आणि नोकरी याच राज्यात होण्याची शक्यता मोठी असल्यामुळे तो विषय मनापासून शिकवणे हे मुलांच्या हिताचे आहे, आणि त्यामुळे मराठीचे काही उणे होत नाही.

सुरुवात ऐकण्या-बोलण्यापासून करावी. दोन्ही भाषांत वाक्याची रचना जवळजवळ सारखी आहे, क्रियापद शेवटी येते, आणि तूप-तुप्प, अक्का-अक्क, अण्णा-अण्ण असे मिळतेजुळते शब्द भरपूर आहेत. लिपी वेगळी असली तरी वर्णांचा क्रम क, ख, ग, घ असाच आहे. अडचण येते ती दोन ठिकाणी. कन्नडमध्ये ए आणि ओ यांचे ऱ्हस्व आणि दीर्घ असे दोन प्रकार आहेत, जे आपण देवनागरीत वेगळे दाखवत नाही. "कोडु" हा शब्द ऱ्हस्व ओकाराने म्हटला तर "दे" असा अर्थ होतो आणि दीर्घ म्हटला तर "शिंग". ऱ्हस्वाला एक टाळी आणि दीर्घाला हात लांबवणे, असा खेळ घेतला की मुलांचा कान तयार होतो आणि शिक्षकांचाही. दुसरी अडचण म्हणजे जोडाक्षरातील दुसरे अक्षर पहिल्याच्या खाली बसते. ते साध्या शब्दांचे वाचन पक्के झाल्यावरच घ्यावे.

वाचनाचा सर्वांत सोपा पाठ बसच्या पाटीवर असतो. गावाचे नाव मुलाला आधीच माहीत असते, त्यामुळे ती अक्षरे ओळखणे हा कोडे सोडवण्याचा आनंद होतो. मुलांनी आठवडाभर पाहिलेल्या पाट्या वहीत उतरवून आणाव्यात. अनेक गावांत मराठी आणि कन्नड शाळा एकाच आवारात आहेत. तेथील शिक्षकांशी बोलून आठवड्यातून एक तास अदलाबदल करावी. त्यांनी आपल्या मुलांना कन्नड गाणे शिकवावे आणि आपण त्यांच्या मुलांना मराठी गोष्ट सांगावी. आम्ही हे केले तेव्हा मधल्या सुटीत वेगवेगळी खेळणारी मुले महिन्याभरात एकत्र लगोरी खेळू लागली.

मराठी वाचनसाहित्य कुठून मिळवावे? शाळेच्या ग्रंथालयात फारसे काही नाही.

मराठी माध्यमाची पाठ्यपुस्तके कर्नाटक पाठ्यपुस्तक सोसायटी छापते आणि ती तिच्या संकेतस्थळावर विनामूल्य उतरवून घेता येतात. पुस्तके शाळेत उशिरा पोहोचली तर पहिल्या दोन पाठांच्या प्रती काढून काम चालू ठेवावे.

पाठ्यपुस्तकाबाहेर वाचण्यासाठी सर्वांत मोठा साठा म्हणजे "किशोर" मासिक. बालभारतीने ते १९७१ मध्ये सुरू केले आणि त्याचे जुने अंक संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात. चौथी-पाचवीच्या मुलांना त्यातील कोडी आणि विज्ञानाच्या गोष्टी फार आवडतात. लहान मुलांसाठी प्रथम बुक्सने २०१५ मध्ये सुरू केलेले स्टोरीव्हीवर हे व्यासपीठ पाहावे. तेथे चित्रगोष्टी वाचनपातळीनुसार लावलेल्या आहेत आणि त्या छापून वाटण्यास मोकळीक आहे. तेथील अनेक गोष्टी मराठीत आणि कन्नडमध्येही आहेत, हा आपल्यासाठी विशेष लाभ आहे. एकच गोष्ट दोन्ही भाषांत छापून शेजारी शेजारी लावली की मुले चित्रांच्या आधाराने स्वतःच शब्द जुळवू लागतात. केंद्र सरकारच्या दीक्षा व्यासपीठावर पाठांशी जोडलेल्या चित्रफिती आहेत. टाकाऊ वस्तूंपासून खेळणी आणि विज्ञानाचे प्रयोग करायचे असतील तर अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावर मराठी चित्रफिती आणि पुस्तकेही मिळतात.

चौथी-पाचवीच्या गणितासाठी अक्षरा फाउंडेशनचे गणित किट राज्यातील अनेक सरकारी शाळांत पोहोचले आहे. आपल्या शाळेतील पेटी कपाटात बंद असेल तर ती आजच उघडावी. वस्तू हरवतील या भीतीने जपून ठेवलेल्या साहित्याचा मुलांना काहीही उपयोग नाही.

ज्या शाळेत मोबाइलला रेंजच नाही, त्यांनी तालुक्याच्या गावी गेल्यावर महिन्याचे साहित्य एकदम उतरवून आणि आवश्यक तेवढे छापून आणावे. पाने जुन्या लग्नपत्रिकांच्या जाड कागदावर चिकटवली तर वर्षभर टिकतात.

बालभारतीची पुस्तके आमच्या वर्गात वापरली तर चालतील काय?

पूरक वाचनासाठी निश्चित चालतील. मूल्यमापन मात्र कर्नाटकाच्या अभ्यासक्रमानुसारच होते आणि दोन्हीकडील घटकांचा क्रम व इयत्ता जुळतीलच असे नाही. त्यामुळे तेथील कविता, गोष्टी आणि सरावपत्रके घ्यावीत, पण पाठ्यपुस्तकाच्या जागी ती ठेवू नयेत.

परिसर अभ्यास पुस्तकापुरताच राहतो. त्याला गावाशी कसे जोडावे?

खानापूर तालुक्याइतका चांगला भूगोलाचा तक्ता क्वचितच सापडेल. कणकुंबीजवळ उगम पावणारी मलप्रभा पूर्वेकडे जाते, सौंदत्तीजवळच्या धरणातून पुढे जाऊन कूडलसंगम येथे कृष्णेला मिळते आणि ते पाणी शेवटी बंगालच्या उपसागरात पोहोचते. त्याच तालुक्यातील भीमगडच्या जंगलातून निघणारी म्हादई मात्र पश्चिमेकडे गोव्यात उतरून अरबी समुद्राला मिळते. मैदानात मातीची लांब रास करावी, तिच्या माथ्यावर तांब्याने हळूहळू पाणी ओतावे आणि पाणी दोन्ही बाजूंना कसे वाहते ते मुलांना पाहू द्यावे. "आपल्या शाळेच्या कौलांवरचे पाणी कोणत्या समुद्रात जाते?" हा प्रश्न विचारल्यावर चौथीची मुले जी शांतता पाळतात, ती एरवी रागावूनही मिळत नाही.

ज्यांची गावे दूर आहेत त्यांनी आपल्या जवळचे घ्यावे. गोकाकला घटप्रभा सुमारे ५२ मीटर खाली कोसळते, तेव्हा आपल्या शाळेसारख्या किती इमारती एकावर एक ठेवाव्या लागतील हे मोजता येईल. खानापूरला कुंभारकाम आणि कौलांची माती आहे, निपाणीला तंबाखू आहे, हलशीला कदंबांच्या काळातील मंदिरे आहेत आणि नंदगडला १८३१ मध्ये इंग्रजांविरुद्ध लढलेल्या संगोळ्ळी रायण्णाला फाशी दिल्याचे ठिकाण आहे. सहलीला पैसे नसतील तर गावातील कुंभार, सुतार, शिंपी यांच्याकडे अर्धा दिवस जावे. मुलांनी आधी पाच प्रश्न लिहून न्यावेत आणि परत आल्यावर हत्यारांची नावे, मराठी आणि कन्नड दोन्ही, लिहून काढावीत.

पावसाळ्यात हजेरी निम्म्यावर येते. त्या दिवसांत काय शिकवावे?

नवा घटक त्या दिवसांत सुरू करू नये. आलेल्या मुलांबरोबर वाचन, हस्तकला, खेळ आणि मागचा सराव घ्यावा. ओढा भरल्यामुळे अडकणाऱ्या वाड्यांतील मुलांना जूनच्या आरंभीच आठ-दहा सरावपत्रके प्लास्टिकच्या पिशवीत घालून द्यावीत.

ऊसतोडणीच्या हंगामात मुले येतात आणि जातात. त्यांचे काय?

चिकोडी, अथणी, निपाणी या साखरपट्ट्यांत ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत हा प्रश्न दरवर्षी उभा राहतो. दाखला नाही म्हणून मुलाला परत पाठवू नये. शिक्षण हक्क कायद्यानुसार दाखल्यास उशीर झाला या कारणाने प्रवेश नाकारता येत नाही, आणि वयानुरूप वर्गात बसवून मागे राहिलेल्या भागासाठी वेगळे शिकवण्याची तरतूदही त्यात आहे. मूल पुन्हा निघून जाईल हे माहीत असताना मन लावणे कठीण वाटते, पण चार महिने हे थोडे नाहीत. निघताना त्याच्या दप्तरात एक कागद ठेवावा. मूल कोणत्या पातळीवर वाचते, कोणत्या बेरजा-वजाबाक्या येतात, त्याला काय आवडते, एवढे त्यावर लिहावे, म्हणजे पुढच्या शिक्षकांना शून्यापासून सुरुवात करावी लागणार नाही.

पालक म्हणतात, "आम्हाला लिहिता-वाचता येत नाही, घरी अभ्यास कोण घेणार?" आणि काही जण मूल इंग्रजी शाळेत घालू म्हणतात.

पहिल्या पालकांना सांगावे, की घरी अभ्यास घेण्याची गरज नाही. मुलाने रोज एक पान मोठ्याने वाचावे आणि आईने भाकरी थापताना ते ऐकावे. ऐकणाऱ्याला वाचता यावेच लागते असे नाही. एसडीएमसीमध्ये, म्हणजे शाळेच्या विकास व देखरेख समितीत, तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि निम्म्या महिला असाव्यात असा नियम आहे. त्या बैठकीत केवळ इमारत आणि आहार यांवर चर्चा न करता प्रत्येक वेळी एका मुलाने गोष्ट वाचून दाखवावी. पालकांचा विश्वास बसायला हे पुरते.

दुसऱ्या पालकांशी वाद घालू नये. इंग्रजीची त्यांची ओढ चुकीची नाही. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० ने शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत मातृभाषेतून शिकवावे असे म्हटले आहे, पण धोरण वाचून कुणी आपल्या मुलाचा निर्णय करत नाही. शनिवारी त्यांना वर्गात बोलवावे, मुलाकडून मराठी परिच्छेद, कन्नड पाटी आणि चार इंग्रजी वाक्ये वाचून घ्यावीत. प्रतिभा कारंजी या शालेय स्पर्धेत कथाकथन, पाठांतर यांसाठी आपली मुले उतरवावीत आणि त्या दिवशी पालकांना बरोबर न्यावे.

मुलांच्या प्रगतीची नोंद कशी ठेवावी? शासकीय तक्ते भरून वेळच उरत नाही.

ते तक्ते भरावे लागतातच. त्यांच्याशिवाय स्वतःसाठी एक दोनशे पानी वही ठेवावी, प्रत्येक मुलाला चार पाने द्यावीत आणि रोज फक्त तीन मुलांविषयी एकेक ओळ लिहावी. "चांगला", "प्रगती आहे" असे शब्द त्या वहीत येऊ देऊ नयेत. जे पाहिले तेच लिहावे. माझ्या जुन्या वहीतील एका पानावरच्या तीन ओळी अशा आहेत: "२२ जून, पाटीवर स्वतःचे नाव लिहिले, आडनावातला रफार राहिला. ११ ऑगस्ट, 'माझं पाटी' म्हणाली आणि लगेच स्वतःच 'माझी' केले. ३ डिसेंबर, बसच्या पाटीवरचे खानापूर कन्नडमध्ये वाचले आणि कंडक्टरला ऐकवले."